हुनर, उस्ताद आणि खिशातली वही

आमच्या मालेगावात रंगीत सुताच्या साडीचा जोर होता, त्या काळात प्रत्येक रंगाई कारखान्यात एक मास्टर असे आणि प्रत्येक मास्टरच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक लहानशी वही असे. कोणत्या शेडला कोणता रंग किती, मीठ किती, सोडा केव्हा, हा सगळा हिशेब त्या वहीत. पण वही कोणाच्या हाती लागली तरी उपयोग काहीच नव्हता. ज्या रंगाई कारखान्यात माझा हिस्सा होता, तेथील मास्टर रंगाचे वजन ग्रॅममध्ये लिहीतच नसत. त्यांच्याजवळ जुन्या नाण्यांची एक पिशवी होती. काट्याच्या एका पारड्यात नाणी, दुसऱ्यात रंगाची पूड, आणि वहीत नोंद "दोन अठन्नी, एक चवन्नी". कोणती अठन्नी, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

२०१० सालची गोष्ट. ऑगस्टमध्ये रमजान लागणार होता आणि ईदच्या मालाची मागणी जुलैपासूनच सुरू झाली होती. मोरपंखी साड्यांची मोठी ऑर्डर हातात होती. नेमके त्याच आठवड्यात मास्टर छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मी निर्धास्त होतो, कारण त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे काम केलेला हेल्पर होता. त्याने काम हाती घेतले. पहिला लॉट पिवळसर हिरवा निघाला, दुसरा फिका, आणि तिसरा दिसायला बरा होता तो धुतल्याबरोबर उतरला. हेल्परला जाब विचारला तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले की, मोरपंखीचा लॉट असला म्हणजे सोडा टाकायच्या वेळेस मास्टर त्याला चहा आणायला पाठवीत. अकरा वर्षे हेच.

ऑर्डर गेली. सुताचे आणि रंगाचे पैसे बुडाले ते बुडालेच, पण जी पार्टी तुटली ती आजपर्यंत परत आली नाही. मी तावातावाने मास्टरांच्या घरी गेलो. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "सेठ, सब बता देता तो मुझे पूछता कौन?" मग त्यांनी तरुणपणीची हकीकत सांगितली. दुसऱ्या गावी एका कारखान्यात त्यांनी मालकाच्या भाच्याला मन लावून काम शिकविले होते. भाचा तयार झाला आणि तीन महिन्यांच्या आत मालकाने यांचा हिशेब करून हातावर ठेवला. खिशातली वही तेव्हापासूनची.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मी स्वतः काही वेगळा नव्हतो. सूत कोणाकडून कोणत्या भावात येते हे मी माझ्या मेहताला सांगत नसे, आणि कोणत्या पार्टीला किती दिवसांची उधारी आहे हे सख्ख्या भावालाही पूर्ण माहीत नव्हते. ज्या कारखान्यात मालकाच्या गल्ल्याला दोन कुलपे असतात, तेथे मास्टरच्या वहीला एक असणारच.

हा विषय आपल्या धंद्यातील लोक "स्वभाव" म्हणून सोडून देतात. कोणी कंजूष मनाचा, कोणी दिलदार, एवढ्यावर चर्चा संपते. परंतु गेल्या काही वर्षांत व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी याचा वेगळा विचार केला आहे, आणि तो आपल्या कारखानदारांनी व कारागिरांनी समजून घेण्यासारखा आहे. कॅनडातील कॅथरीन कॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पहिली गोष्ट ही स्पष्ट केली की, माहिती न देणे आणि माहिती लपविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला कोणी काही विचारलेच नाही आणि त्याने सांगितले नाही, तर तो लपवीत नाही. लपविणे तेव्हाच होते, जेव्हा दुसरा माणूस विचारतो आणि हा जाणूनबुजून हात आखडता घेतो.

या लपविण्याचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. वाचताना मला हसू आले, कारण तिन्ही प्रकार मी आमच्याच आवारात पाहिले होते. पहिला प्रकार टोलवाटोलवीचा: "कल बताऊंगा", "अभी टाइम नहीं", किंवा अर्धवट सांगून वाटेला लावणे. दुसरा वेड पांघरण्याचा: "मला तरी कुठे माहीत, अंदाजाने टाकतो." तिसरा प्रकार सबब सांगण्याचा: "मला माहीत आहे, पण सेठने मना केले आहे." हा तिसरा प्रकार नेहमी खोटाच असतो असे नाही. कित्येकदा सेठने खरोखरच मना केलेले असते, आणि असे सरळ सांगितले तर समोरच्याला फारसा रागही येत नाही. मने दुखतात ती पहिल्या दोन प्रकारांत. ज्याला टोलविले जाते तो मनात ठेवतो, आणि उद्या त्याची पाळी आली की तोही टोलवितो. एका मास्टरच्या वहीतून चार वह्या तयार होतात त्या अशा.

आता मुख्य प्रश्न. ही सवय सगळीकडे सारखीच असते, की देशागणिक, समाजागणिक बदलते?

लपविणे हा केवळ आपला रोग आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या इंग्लंडने जगाला गिरणी दिली, त्या इंग्लंडने आपल्या कारागिरांना देश सोडून परदेशी कामाला जाण्यास १८२४ पर्यंत कायद्यानेच बंदी घातली होती. सॅम्युअल स्लेटर नावाचा तरुण १७८९ साली सूतकताईच्या यंत्रांची सारी रचना डोक्यात साठवून गुपचूप अमेरिकेला निघून गेला, आणि त्याच्या हातून तेथील सूतगिरणीचा धंदा उभा राहिला. इटलीत व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. कारण आगीच्या भीतीचे दिले गेले, पण पुढे तेथील काच-कारागिरांना हुनर घेऊन बाहेर जाण्यास मनाई झाली. तेव्हा लपवितात सगळेच. फरक पडतो तो कोण कोणापासून लपवितो आणि कोणत्या भीतीने लपवितो यात. समाजाची वळणे तेथे काम करतात.

हॉलंडचे गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९८० साली एक ग्रंथ लिहिला. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक किती सहज मान्य करतात, याचे त्यांनी माप काढले. त्या मापात भारताला ७७ गुण, जपानला ५४ आणि अमेरिकेला ४० गुण मिळाले. आयबीएमच्या बाबूंवरून आमच्या लूमवरच्या मजुराचे माप काढणे हे काही पूर्ण बरोबर नाही, तरी ७७ हा आकडा वाचून मला नवल वाटले नाही. आपल्याकडे साहेबाला प्रश्न विचारणे हे साहेबाच्या अकलेवर शंका घेण्यासारखे धरले जाते. उस्तादाला "असे का?" म्हणून विचारणारा शागिर्द उद्धट ठरतो. साहजिकच शिकणारा विचारत नाही, फक्त बघतो. आणि जो बघतो त्याला चहाला पाठविता येते.

याची दुसरी बाजू मालकांना जास्त महाग पडते. माहिती केवळ वरून खाली थांबत नाही, खालून वरही थांबते. लूम चालविणाऱ्याला आठ दिवसांपासून माहीत असते की अमुक लूमचा धोटा नीट बसत नाही, किंवा सायझिंगमधून आलेल्या बीमची खळ कच्ची आहे. तो बोलत नाही. बोलला तर "तूच बिघडवले असशील" हे ऐकावे लागेल. रशियातील कंपन्यांचा स्नेझिना मिखाइलोवा आणि केनेथ हस्टेड यांनी अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनाही हेच आढळले की चूक उघड होण्याची धास्ती आणि वरिष्ठांचा दरारा असला की माणसे माहिती दाबून ठेवतात. मालेगाव आणि मॉस्को यांच्यात हे साम्य निघेल असे मला वाटले नव्हते.

तिसरी गोष्ट आपल्या आणि परक्याची. अमेरिका आणि चीन येथील व्यवस्थापकांची तुलना करणारा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. चिनी व्यवस्थापक कंपनीच्या भल्यासाठी स्वतःचे नुकसान सोसूनही माहिती द्यायला अधिक तयार दिसले, परंतु विचारणारा आपल्या गोटातला आहे की बाहेरचा, याचा त्यांच्यावर अमेरिकनांपेक्षा जास्त परिणाम झाला. म्हणजे ज्या समाजात एकोपा घट्ट, तेथे आतला दरवाजा सताड उघडा आणि बाहेरचा तितकाच घट्ट बंद. आपल्याकडे याला बिरादरी म्हणतात.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गिरणीत जॉबर हा मोठा असामी होता. मशीन दुरुस्त करणे, कामगार भरणे, काढणे, रजा देणे, सारे त्याच्या हाती. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे भरायचा आणि काम त्यांनाच शिकवायचा. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरांच्या या सत्तेवर आणि त्यांच्या लाचखाऊपणावर कडक टीका केली. पण गिरणीमालकांना तो सोयीचा होता, कारण शिकविण्याचा खर्च मालकाला पडत नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, भिवंडीची वाढ झाली, आणि जॉबरची ही पद्धत लूमच्या शेडमध्येही चालत राहिली. आजही उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला नवा मुलगा कोणाच्या गाववाल्याबरोबर आला यावर तो सहा महिन्यांत काम शिकेल की दोन वर्षांत, हे ठरते.

माझ्या मास्टरांचेही तेच झाले. दोन महिन्यांनी ते कामावर परतले. मी त्यांना हेल्परला शिकविण्याची विनंती केली, पगार वाढवून देतो म्हटले. त्यांनी चार महिने टोलविले. मग एके दिवशी स्वतःच्या दामादला घेऊन आले आणि म्हणाले, याला शिकवितो. खरोखर सहा महिन्यांत त्यांनी दामादला सर्व काही दिले, नाण्यांच्या पिशवीसकट. हेल्परने अकरा वर्षांत जे पाहिले नाही ते दामादने सहा महिन्यांत पाहिले. हेल्पर काही बोलला नाही. बकरी ईद करून गावी जातो म्हणाला आणि परत आला नाही.

येथे उस्तादांच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर अन्याय होईल. आपल्याकडील हुनर सीना-ब-सीना चालत आला. उस्ताद सर्व काही एकदम सांगत नसे, यात कंजुषीपेक्षा शिकविण्याची रीत जास्त होती. आधी लडी धुणे, मग पिळणे, मग सुकविणे, आणि हात व नजर तयार झाल्यावर रंग. ज्याला ओल्या आणि सुक्या सुतातला शेडचा फरक डोळ्याने कळत नाही, त्याला वजनाचे आकडे देऊन काय उपयोग? शिवाय या रीतीच्या पाठीशी एक करार होता. शागिर्द मिठाई घेऊन यायचा, उस्तादाच्या घरची कामे करायचा, आणि पुढे त्याच गल्लीत उस्तादाविरुद्ध दुकान मांडायचा नाही. उस्ताद म्हातारा झाला तर त्याची भाकर शागिर्दावर होती. आता कारखाना आला, पगार आला, महिन्याची नोटीस आली. करारातली उस्तादाची बाजू गेली आणि शिकविण्याची अपेक्षा तेवढी राहिली. मालक म्हणतात मास्टर लपवितो. मास्टर म्हणतो, माझी म्हातारपणाची भाकर कोठे आहे ते आधी दाखवा.

म्हणूनच "आपली संस्कृतीच तशी" असे कोणी म्हटले की मी थोडा सावध होतो. लूमवर मजुरी मीटरवर मिळते. जो कारागीर अर्धा तास नव्या मुलाला गाठ मारायला शिकवील त्याचे अर्ध्या तासाचे कापड कमी होईल आणि मजुरी त्याच्याच खिशातून जाईल. याला संस्कृती म्हणायचे की हजेरीपत्रक? माझ्या मते आपल्या धंद्यात ज्याला स्वभाव म्हटले जाते त्यातला निम्मा भाग मजुरीच्या पद्धतीचा आहे. उरलेला निम्मा मात्र खरोखर वळणाचा आहे, आणि तो केवळ पगार वाढवून जात नाही, हे मी वर सांगितलेच.

लपविण्याने धंद्याचे काय होते, याचे उदाहरण म्हणून हिमरूचे नाव घेतले जाते. ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा असे हे नक्षीदार कापड. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याचे विणकर दक्षिणेत आले, असे परंपरेने सांगतात. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे हिमरूचे घर. निजामाच्या अमलात दरबारी शेरवाण्यांसाठी त्याला मागणी होती. त्याची नक्षी बांधण्याची कला थोड्या घरांत राहिली. आज जुन्या पद्धतीने हिमरू विणणारे हातावर मोजण्याइतके उरले आहेत. पण हा दोष केवळ लपविण्यावर टाकणे बरोबर नाही. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, शेरवाणी गेली, मग यंत्रावरची स्वस्त नक्कल आली. गिऱ्हाईकच नसेल तर कोण शिकेल? मात्र एवढे खरे की, ज्या वेळी पुन्हा गिऱ्हाईक विचारू लागले त्या वेळी विणणारे हात थोडेच होते.

याउलट शेजारचे पैठण आणि येवला पाहा. पैठणीही थोड्याच घराण्यांत राहिलेली कला होती. परंतु पैठणला सरकारी महामंडळाने विणकामाचे केंद्र चालविले आणि विणकर घराण्याबाहेरच्या मुली व स्त्रिया मागावर बसल्या. येवल्यात ज्या घरांत वाडवडिलांनी कधी धोटा धरला नव्हता, अशा घरांतही माग आले. लग्नाच्या बस्त्यात पैठणीला मागणी वाढली तेव्हा विणणारे हात तयार होते. जुन्या घराण्यांचे यात नुकसान झाले का? भावात स्पर्धा वाढली, हे आहे. पण येवल्याचे नाव इतके मोठे झाले की जुन्या घराण्यांनाही त्याचा वाटा मिळाला.

बनारसचे नक्शाबंद हेही लक्षात ठेवण्यासारखे. कापडावर येणारी नक्षी आधी धाग्यांच्या जाळीत बांधायची, आणि मग मागावर तिचा जाला चढवायचा, ही त्यांची कला. ती बापाकडून मुलाकडेच जायची. पण फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ साली जे यंत्र काढले, ते भोक पाडलेल्या कार्डावर तीच नक्षी ठेवू लागले. हे यंत्र बनारसला पोहोचले तेव्हा पिढ्यानपिढ्या जपलेल्या गुपिताचा भाव उतरला. गुपित कोणी चोरले नव्हते. यंत्राने त्याला वळसा घातला.

मग रंगाईचे गुपित उघडले तर काय होईल, हा माझ्या मास्टरांचा प्रश्न राहतोच. याचे उत्तर मला कच्छमधून मिळाले. अजरखची छपाई करणाऱ्या खत्री बिरादरीचे घर म्हणजे धमडका गाव. २००१ च्या भूकंपानंतर तेथील पाण्यात लोखंडाचे प्रमाण इतके वाढले की रंग बिघडू लागले. मग बरीच घरे भुजजवळ नवे गाव वसवून गेली, त्याचे नाव अजरखपूर. या बिरादरीतील इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. या घरातल्या लोकांनी नीळ, मंजिष्ठ, हरडा यांची कृती बाहेरच्या विद्यार्थ्यांपासून लपविली नाही. ठसे कसे धरायचे, कितव्यांदा धुवायचे, सारे दाखविले. तरी त्यांचा धंदा बुडाला नाही. एकच कृती, तेच रंग, तेच हात, पण पाणी बदलले तर गाव सोडावे लागले. मग कृतीचा कागद चोरून कोणी कितीसे नेणार?

आमच्या मोरपंखीचेही तसेच होते, हे दामादकडून पुढे कळले. मोरपंखीत जो फिरोजी निळा असतो तो इतर रंगांसारखा साठ डिग्रीवर धरत नाही, त्याला ऐंशीच्या आसपास पाणी लागते. मास्टर थर्मामीटर वापरत नसत, वाफ पाहून ओळखत. आणि जुलैच्या पावसाने विहिरीच्या पाण्याचा जडपणा बदलला की ते मीठ-सोड्यात थोडा फेर करीत. हेल्परने वहीतली अठन्नी बरोबर ओळखली असती तरी त्या दिवशी लॉट बिघडलाच असता.

दीनच्या बाजूनेही हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारले असता इल्म लपविणाऱ्याबद्दल हदीसमध्ये सक्त इशारा आहे, आणि ती हदीस अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. कितमान-ए-इल्म या नावाने उलेमांनी त्यावर लिहिले आहे. बहुतेक उलेमांच्या मते त्याचा मुख्य रोख दीनच्या जरुरी इल्मवर आहे, धंद्याच्या प्रत्येक नुस्ख्यावर नाही. उलट कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते आणि ती फोडणे हा गुन्हा. तेव्हा पार्टीचा भाव, दुसऱ्याची डिझाइन, मालकाचा हिशेब ही अमानत झाली. पण जो माणूस आपल्याच छताखाली त्याच कामासाठी राबतो, त्याला कामाची गोष्ट विचारल्यावर चहाला पाठविणे हे अमानतीत कसे बसते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

मी पुढे काय केले तेही सांगतो, कारण वाचकांपैकी बरेच जण छोटे कारखानदार आहेत. मास्टर २०१४ साली काम सोडून घरी बसले. दामादशी मी नव्याने बोलणी केली. आधी माझा गल्ला उघडला. एका साडीमागे सूत किती, रंगाई किती, विणाई किती आणि मला काय उरते, हा हिशेब त्याच्यासमोर आणि मेहतासमोर मांडला. माझ्या भावाला ते आवडले नाही. मग ग्रॅमचा काटा आणि थर्मामीटर आणले आणि शेडचे एक रजिस्टर केले. ते कपाटात राहील, एक चावी माझ्याकडे, एक त्याच्याकडे. प्रत्येक शेडपुढे ती बसविणाऱ्याचे नाव, रंगविलेल्या लडीचा तुकडा, तारीख, आणि पाणी विहिरीचे की नळाचे याची नोंद. जुन्या शेडपुढे त्याच्या सासऱ्यांचे नाव लिहिले. ते पाहायला मास्टर स्वतः एकदा आले होते, चष्मा लावून पाने उलटली, काही बोलले नाहीत. हाताखालचा मुलगा तयार केला तर वर्षभर पगाराबरोबर वेगळी रक्कम, आणि मुलगा तयार झाल्यावर दामादला तीन वर्षे काढणार नाही, असे दोन साक्षीदारांसमोर लिहून दिले. शिकविण्याच्या दिवशी लॉट कमी निघाला तर तो माझ्या खाती.

सारे सुरळीत झाले असे नाही. एक मुलगा शिकला आणि चार महिन्यांत जास्त पगारावर दुसऱ्याकडे गेला, तेव्हा भावाने मला चांगलेच ऐकविले. रजिस्टरातला एक रकाना अजून रिकामाच राहतो. त्यावर मी "वाफ" असे लिहून ठेवले आहे. थर्मामीटर आहे, तरी दामाद आधी वाफच पाहतो, आणि त्यात काय पाहतो हे त्यालाही शब्दांत सांगता येत नाही. मुलाला शेजारी उभा करतो आणि "देख" म्हणतो. रंगीत साडीचा धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. आमच्या गावचे बरेच लूम आता ग्रे कापडावर चालतात आणि माल प्रोसेसिंगला पाली-बालोतऱ्याला जातो. जेवढे रंगाईचे काम आहे, तेवढे या रजिस्टरवर चालते.

गेल्या हिवाळ्यात त्या जुन्या हेल्परचा फोन आला. त्याने गावी दोन हौदांची छोटी रंगाई टाकली आहे. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, "सेठ, मोरपंखी में सोडा कितनी देर बाद डालना है?" माझ्या तोंडून निघून गेले, "कल बताता हूँ." फोन ठेवल्यावर लक्षात आले की मी काय बोललो. संध्याकाळी दामाद हिशेबाला आला तेव्हा त्याला सांगितले. त्याने माझ्याच फोनवरून त्याला लावला आणि वीस मिनिटे बोलत बसला. सोड्याचे दोन मिनिटांत झाले, बाकी सगळा वेळ त्याच्या गावचे पाणी कसे आहे, हेच विचारीत होता.